ताईला घरी आणताना

ताईच्या स्तनाचा कर्करोग कण्याच्या मणक्यांत, खुब्याच्या हाडात आणि उजव्या फुप्फुसाच्या आवरणात पसरला होता. केमोथेरपीची औषधं एकामागून एक बदलून झाली होती. शेवटी डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, की यापुढे केमो देत राहिलो तर आजार मागे हटण्याची शक्यता फारच थोडी आहे, अंगात उरलेली ताकद मात्र नक्की जाईल. ताई स्वतः तिथेच होती. तिने एकच विचारलं, "मग मी घरी जाऊ शकते?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "पण आज नाही. आधी तयारी करू."

या तयारीमुळे आमचा पुढचा सगळा काळ वेगळा गेला, म्हणून हे लिहिते आहे. आमच्या काकांच्या वेळी, दुसऱ्या एका रुग्णालयात, "आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या" एवढं सांगून कागद हातात दिले होते. सोबत वेदनाशामक गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांनी काकांचं दुखणं थांबत नव्हतं आणि रात्री फोन करायला कोणाचा नंबरही नव्हता. पुन्हापुन्हा त्यांना मध्यरात्री उचलून तातडीच्या विभागात न्यावं लागलं आणि शेवटी ते तिथेच, अनोळखी माणसांमध्ये गेले. माणूस घरी आला होता, उपचार रुग्णालयातच राहिले होते. ताईच्या वेळी उपचारही तिच्याबरोबर घरी आले. सगळा फरक एवढाच, आणि तो पडावा म्हणून बऱ्याच जणांनी बरंच काम केलं.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होवो न होवो, दुखणं आणि इतर त्रास कमी करणारे उपचार. त्या डॉक्टरांची ओळख आम्हाला आधीपासून होती. पाठीत पहिल्यांदा दुखू लागलं तेव्हा, केमो चालू असतानाच, ताईला त्यांच्याकडे पाठवलं होतं. भावोजी तेव्हा हादरले होते. या डॉक्टरांकडे पाठवलं म्हणजे आशा सोडली, अशी त्यांची समजूत होती. त्या डॉक्टरांनी त्यांना २०१० साली प्रसिद्ध झालेला बॉस्टनमधला एक अभ्यास समजावून सांगितला. पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे १५१ रुग्ण होते. त्यांतल्या साधारण निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली. त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं, अखेरच्या काळात शरीराला झेपणार नाहीत असे उपचार कमी झाले आणि तरीही ते जास्त जगले. त्या गटातले निम्मे रुग्ण ११.६ महिन्यांहून अधिक जगले. दुसऱ्या गटात हाच आकडा ८.९ महिने होता. हे आकडे ताईला जसेच्या तसे लागू होतात असं डॉक्टर म्हणाले नाहीत. भावोजींना तेवढं पुरलं. दुखण्यावर उपचार घेणं म्हणजे हार मानणं नव्हे, हे त्यांना पटलं. त्यामुळे घरी जायची वेळ आली तेव्हा निदान अनोळखी माणसांपासून सुरुवात करावी लागली नाही.

घरी जायच्या आधी दुखणं ताब्यात आलं पाहिजे, हा त्या टीमचा पहिला नियम होता. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, या मापावर ताईचं दुखणं हालचाल करताना आठवर जात होतं. खुब्याच्या हाडाला रेडिएशन द्यायचं ठरलं, तेही एकदाच, ८ ग्रे (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक). मला वाटलं, एकदाच देतायत म्हणजे नावापुरतं देतायत. तसं नव्हतं. हाडाच्या साध्या, गुंतागुंत नसलेल्या दुखण्यावर एकदाच दिलेलं रेडिएशन बरेच दिवस विभागून दिलेल्या रेडिएशनइतकाच आराम देतं, हे अनेक चाचण्यांत दिसलेलं आहे. पुढे ते पुन्हा द्यावं लागण्याची शक्यता तेवढी थोडी जास्त असते. ज्या बाईला स्ट्रेचरवरून उतरणं हीच यातना आहे तिच्या फेऱ्या वाचणं किती मोलाचं असतं, ते तिला नेणाऱ्यालाच कळतं. पहिले एक-दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं, आणि पूर्ण आराम पडायला काही आठवडे लागतात, हेही त्यांनी आधीच सांगितलं. म्हणून ते वाढलं तेव्हा आम्ही गोंधळलो नाही.

त्यासोबत मॉर्फिन. याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण या एका औषधाच्या भीतीपोटी माणसं काय काय सोसतात ते मी काकांच्या वेळी पाहिलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनांसाठी जी पद्धत जगापुढे ठेवली तिचं सूत्र साधं आहे: शक्य तोवर औषध तोंडाने द्यायचं, आणि दुखलं की नव्हे तर घड्याळाप्रमाणे द्यायचं. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी. झोपताना दुप्पट मात्रा दिली की मध्यरात्री रुग्णाला उठवावं लागत नाही. मधेच दुखणं उसळलं तर जादा डोस वेगळा लिहून दिलेला असतो. तो साधारण दिवसभरातल्या एकूण मात्रेचा सहावा भाग असतो. असे जादा डोस किती लागले ते पाहून डॉक्टर रोजची मात्रा ठरवतात. ताईची मात्रा वॉर्डातच थोडी थोडी वाढवत नेली. ती पहिले दोन-तीन दिवस झोपाळली, तिला मळमळलं, त्यावर औषध दिलं आणि दोन्ही ओसरलं. एका सकाळी तिने स्वतःहून सांगितलं, की रात्री कूस बदलली आणि जाग आली नाही. आई तिथेच रडायला लागली.

एक त्रास मात्र ओसरत नाही, तो बद्धकोष्ठाचा. मॉर्फिन आतड्यांची हालचाल मंदावतं आणि शरीराला त्याची सवय होत नाही. म्हणून मॉर्फिन सुरू तर रेचक सुरू, पहिल्या दिवसापासून. शौचाला तीन दिवस झालं नाही तर फोन करायचा, हे नर्सने आमच्या वहीत लाल शाईने लिहून दिलं होतं. ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांना मी आवर्जून सांगते, रेचकाचा डोस चुकवू नका. दुखणं थांबलेलं असताना पोट तटतटून रुग्ण कळवळतो आणि मग मॉर्फिनलाच दोष लागतो.

व्यसनाचा प्रश्न आमच्याकडेही निघाला. मावशी म्हणाली, "अगं, ते अफूचंच ना? सवय लागेल तिला." डॉक्टरांनी मावशीलाच समोर बसवलं. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करायचं नाही, हे खरं. पण व्यसन म्हणजे नुकसान होतंय हे दिसत असूनही औषधासाठी जीव कासावीस होणं. दुखण्याच्या मापाने, घड्याळाप्रमाणे औषध घेणाऱ्या रुग्णाचं तसं होणं विरळा. मॉर्फिनने श्वास थांबेल ही दुसरी भीती. मात्रा हळूहळू, दुखण्याला जोखत वाढवली तर तसं होत नाही. आधी झोप वाढलेली दिसते आणि तिथेच सावध होता येतं. मूत्रपिंडं मंदावली तर मॉर्फिनचे अंश शरीरात साचतात, अंगाला बारीक झटके येतात, गुंगी वाढते. तसं दिसलं तर वाट न पाहता कळवायचं. मावशीने सगळं ऐकून घेतलं. पुढे दुपारच्या गोळ्यांची वेळ तिनेच सांभाळली.

दुखणं तीन-चारच्या आसपास आल्यावर डिस्चार्जची तारीख ठरली आणि आमची शिकवणी सुरू झाली. नर्सने मला आणि भावोजींना वॉर्डातच सगळं करायला लावलं. खालच्या चादरीला धरून रुग्णाला न ओढता कसं सरकवायचं. दर दोन तासांनी कूस बदलताना पाठीमागे उशी देऊन तिरकं कसं ठेवायचं, म्हणजे माकडहाड आणि टाचा यांच्यावर भार येत नाही. लालसर झालेली कातडी बोटाने दाबली आणि तरी पांढरी पडली नाही तर तिथे जखम व्हायला सुरुवात झाली असं समजायचं. तोंडाची निगा: मऊ ब्रश, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने चुळा, जिभेवर पांढरा थर दिसला तर बुरशीचं औषध. पलंग, हवेची गादी, कमोडची खुर्ची वगैरे गोष्टी भाड्याने मिळाल्या. त्यात फार काही सांगण्यासारखं नाही. फक्त त्या ताई पोचायच्या आधी घरात लागलेल्या असाव्यात.

सर्वांत महत्त्वाचं बोलणं झालं ते डिस्चार्जच्या आदल्या दिवशी. पॅलिएटिव्हचे डॉक्टर ताईच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "कशासाठी परत यायचं आणि कशासाठी नाही, हे आज ठरवू. ठरवणार तुम्ही."

कर्करोग मणक्यात असल्यामुळे मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका होता. पाय जड वाटणं, कमरेखाली बधिरपणा, लघवी अडणं, पाठीत किंवा छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं नवं दुखणं, यांतलं काहीही झालं तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. पाय लुळे पडायच्या आत स्टेरॉइड आणि रेडिएशन मिळालं तर चालणं वाचू शकतं, एकदा गेलेलं बळ सहसा परत येत नाही. हाडांच्या आजारात रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. खूप तहान, मळमळ, असंबद्ध बोलणं, वाढती गुंगी, ही त्याची लक्षणं. ती शेवटची गुंगी समजून गप्प बसलं तर बरं होण्यासारखी गोष्ट हातची जाते. हाड मोडलं, छातीत पाणी भरून धाप वाढली, तर यायचं. ताईने या सगळ्याला हो म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, की हे सगळं करूनही श्वास थांबत आला, तर कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर, अतिदक्षता विभागात जायचं आहे का. त्या अवस्थेत त्याने काय साधेल आणि काय साधणार नाही, तेही सांगितलं. ताई बराच वेळ भावोजींकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "नाही. मला घरातच राहू दे. दुखू देऊ नका, एवढं करा." ते त्यांनी तिच्या शब्दांत लिहिलं, तिची सही घेतली, आणि त्याची एक प्रत आमच्या वहीत लावली. हे बोलणं टाळावं असं आईला वाटत होतं. पण पुढे निर्णयाची वेळ आली तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ताईच्या वतीने अंदाज करावा लागला नाही. तिचं म्हणणं लिहिलेलं होतं.

निघताना आमच्या हातात औषधांचा तक्ता होता. त्यात औषधाचं नाव, कशासाठी, किती वाजता, आणि चुकलं तर काय करायचं, हे सगळं होतं. घराजवळच्या डॉक्टरांना लिहिलेलं पत्र होतं. मॉर्फिन संपायच्या बरंच आधी ते पुन्हा कुठून आणि कोणत्या कागदावर मिळेल, तेही लिहून दिलं होतं. हे औषध कुठल्याही दुकानात मिळत नाही, आणि गोळ्या सुट्टीच्या दिवशी संपल्या तर हाल होतात. छोट्या डबीत तातडीची औषधं वेगळी दिली होती: मळमळीसाठी, बेचैनीसाठी, घशातल्या घरघरीसाठी. त्यांतली बहुतेक तेव्हा लागणार नव्हती. लागतील तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असू शकतात, म्हणून ती आधीच घरात असावीत, असं नर्स म्हणाली. आणि एक फोन नंबर, जो रात्रीही उचलला जाणार होता.

तो नंबर पहिल्याच रात्री लावला. प्रवासाच्या हिसक्यांनी ताईचं खुब्याचं दुखणं उसळलं होतं. जादा डोस दिला, पाऊण तास झाला, फरक पडेना. वॉर्डात अशा वेळी बेल दाबायची असते. इथे बेल नव्हती आणि मला धड श्वास घेता येईना. फोनवरच्या नर्सने घाईघाईने काही सांगितलं नाही. आधी विचारलं: नवं दुखणं आहे की तेच? पाय हलतायत? लघवी झाली? हाक मारल्यावर डोळे उघडते? मग दुसरा जादा डोस द्यायला सांगितला, गुडघ्याखाली उशी ठेवायला सांगितली आणि म्हणाली, "अर्ध्या तासाने मीच फोन करते." तिने केला. तोवर ताई झोपली होती. त्या रात्रीनंतर भावोजींनी "परत दाखल करूया का" हे पुन्हा कधी विचारलं नाही.

आठवड्यातून ठरल्या दिवशी नर्स घरी येई, डॉक्टर लागेल तेव्हा. असं घरी जाऊन उपचार देणं नवं नाही. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू केली आणि दोनच वर्षांत, १९६९ मध्ये, तिथली माणसं रुग्णांच्या घरी जाऊ लागली. सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. वेदना फक्त शरीराची नसते, तिच्यात मनाचं, नात्यांचं, पैशाचं आणि "माझ्याच वाट्याला का" या प्रश्नाचं दुखणंही मिसळलेलं असतं, ही समज त्यांनी या शास्त्राला दिली. आमच्या नर्सला हे सगळं ठाऊक असणारच. तिने त्याचं नावही घेतलं नाही, ती तसं वागत मात्र होती. ताईचं दुखणं संध्याकाळी वाढतं हे वहीतून तिच्या लक्षात आलं. तिने डोस वाढवायच्या आधी ताईला विचारलं, "संध्याकाळी काय होतं?" संध्याकाळी भाची शाळेतून यायची आणि आईच्या खोलीबाहेरूनच निघून जायची. आम्ही तिला खरं काही सांगितलं नव्हतं, आणि ताईला ते आत सलत होतं. नर्सच्या सोबतीने ताईनेच मुलीला सांगितलं, साध्या शब्दांत, की मी बरी होणार नाहीये, हे तुझ्यामुळे झालेलं नाही, आणि तुझी काळजी घ्यायला बाबा आणि मावशी आहेत. मुलगी रडली, चिडली, आणि दुसऱ्या दिवसापासून अभ्यासाची वही घेऊन आईच्या पलंगावर बसायला लागली. ताईचे संध्याकाळचे जादा डोस कमी झाले. हे मी वहीत नोंदलेलं आहे.

खाण्यावरून घरात सगळ्यांत जास्त ओढाताण झाली. आईचं म्हणणं, दोन घास पोटात गेले तर ताकद येईल. ताईला वासही नको असायचा. सकाळी दिलेल्या स्टेरॉइडने काही दिवस भूक थोडी वाढली, मग तीही मावळली. डॉक्टरांनी आईला सांगितलं, की वाढलेल्या कर्करोगात शरीर अन्न नीट वापरूच शकत नाही. ती खात नाही म्हणून जात नाहीये, ती जातेय म्हणून तिला भूक लागत नाहीये. एखाद्या आईने हे ऐकणं किती कठीण आहे ते मी पाहिलं. त्यांनी तिला दुसरं काम दिलं: चमच्याने मागेल तेवढंच पाणी, ओठांना मलम, बर्फाचा बारीक तुकडा जिभेवर, पायांना हलक्या हाताने तेल. भरवण्याची जागा या स्पर्शाने घेतली आणि दोघींमधली रोजची भांडणं थांबली.

छातीत पाणी भरलं तेव्हा आम्ही एकदा रुग्णालयात गेलो. ते काढून ताई संध्याकाळी परत आली. ठरवल्याप्रमाणे गेलो आणि ठरवल्याप्रमाणे परतलो. त्यानंतरही धाप राहिली. मला वाटायचं, ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं की प्रश्न सुटेल. रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण मोजलं तर ते ठीक होतं. अशा रुग्णांना ऑक्सिजन आणि साधी हवा सारख्याच नळीतून देऊन पाहिलेली एक चाचणी २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली होती, आणि ऑक्सिजनने साध्या हवेपेक्षा जास्त आराम पडलेला नव्हता. आम्हाला सांगितलं ते फार साधं होतं. हातात धरायचा छोटा पंखा चेहऱ्यावर, नाक आणि गालांच्या बाजूने. तिथल्या त्वचेला गार वारा लागला की मेंदूला जाणवणारी धाप कमी होते. खिडकी उघडी, माणसांची गर्दी कमी, उशांच्या आधाराने पुढे झुकून बसणं, आणि मॉर्फिनच्या मात्रेत थोडी वाढ, कारण मॉर्फिन धापेवरही काम करतं. मी पंखा धरून तिच्याबरोबर श्वास मोजायचे. धाप लागलेल्या माणसाजवळ घाबरलेला माणूस बसला तर धाप वाढते. म्हणून ते काम आमच्यात जो त्या वेळी शांत असेल त्याने करायचं असं ठरलं होतं.

सांभाळणाऱ्यांबद्दलही लिहायला हवं. भावोजी रात्री झोपत नव्हते आणि ते कोणाला सांगतही नव्हते. नर्सने त्यांचाही रक्तदाब घेतला. आठवड्यातल्या ठराविक रात्री मी आणि मावसभाऊ जागायचो आणि भावोजींनी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं, हे तिने जवळजवळ औषधासारखं लिहून दिलं. जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि त्यांतल्या फक्त १४ टक्क्यांना ती मिळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बाकीच्यांच्या उशाशी जे भावोजी बसलेले असतील त्यांच्या वाट्याला काय येत असेल, या विचाराने मला अजूनही अस्वस्थ होतं.

शेवटचा टप्पा जवळ आल्याचं नर्सने आम्हाला आधी सांगितलं. ताई दिवसाचा बहुतेक वेळ झोपायला लागली, पाणी गिळताना ठसका लागू लागला. गोळ्या बंद करून मॉर्फिन पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या बारीक सुईतून द्यायला सुरुवात झाली. एक छोटा पंप चोवीस तास थोडं थोडं औषध सोडत राहायचा. सुईतून दिलं की तोंडाच्या मात्रेच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लागतं, म्हणून आकडा उतरलेला पाहून घाबरू नका, हे त्यांनी स्पष्ट केलं. पुढे काय दिसेल तेही एकेक करून सांगितलं: हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसेल, लघवी कमी होईल, श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होईल. घशात घरघर येईल. ती ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, बेशुद्धीत असलेल्या रुग्णाला तिचा त्रास होत असेल असं सहसा दिसत नाही. अशा वेळी कुशीवर वळवायचं, डबीतलं इंजेक्शन द्यायचं, नळी घालून ओढायचं नाही. एका नातेवाइकांनी सलाईन लावायचा आग्रह धरला. मंदावलेल्या शरीराला ते पाणी झेपत नाही, ते फुप्फुसात आणि पायांत साचतं, घरघर वाढते, हे मीच त्यांना समजावलं, कारण तोवर मला ते पाठ झालं होतं.

एका रात्री ती बेचैन झाली, चादर ओढू लागली, उठायला बघू लागली. मी फोन केला. पहिला प्रश्न होता, "ओटीपोट फुगलंय का?" फुगलं होतं. लघवी तुंबली होती. नर्स आली, तिने कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातला आणि ताई दहा मिनिटांत शांत झाली. झोपेचं इंजेक्शन लागलंच नाही. तो प्रश्न तिने आधी विचारला नसता तर आम्ही त्या बेचैनीला भलतंच काही समजलो असतो.

ताई पहाटे गेली, घरी, तिच्या खोलीत. मुलगी तिच्या शेजारीच झोपली होती, तिला आम्ही उठवलं. मृत्यूचा दाखला कोण देणार हे आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे त्या पहाटे कोणालाही कुठे धावावं लागलं नाही. डॉक्टर आले, तपासलं, कागद लिहिला.

नर्सने पंप बंद केला, उरलेलं मॉर्फिन भावोजींसमोर मोजलं, त्याची नोंद केली आणि ते परत करण्यासाठी घेतलं. ते घरात ठेवायचं नसतं. ती निघत असताना भावोजींनी मला कधी विचारला नव्हता तो प्रश्न तिला विचारला, "काल रात्री जो जादा डोस दिला, त्याने तर नाही ना?" ती परत खाली बसली. तिने आमची वही उघडली आणि शेवटच्या दिवसांचे आकडे त्यांना ओळीने दाखवले. मात्रा बदललेली नव्हती. कालचा जादा डोस आधीच्या डोसांएवढाच होता आणि श्वास त्याच्या कितीतरी आधीपासून तुटक व्हायला लागला होता, तेही माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. "आजाराने गेल्या," ती म्हणाली. "तुम्ही दिलेल्या औषधाने त्यांना दुखलं नाही." भावोजींनी ती पानं पुन्हा एकदा स्वतः वाचली. काही आठवड्यांनी टीमकडून फोन आला, त्यांच्या झोपेची आणि मुलीच्या शाळेची चौकशी करायला, आणि समुपदेशकाची वेळ द्यायला. मुलगी अजून तिथे जाते.